चाळणीपलीकडचा नाखवा

टांझानियातल्या बुकोबात चालताना तुम्हाला ठेच लागली, तर तुमच्या तोंडून 'आई गं' निघायच्या आत समोरच्याच्या तोंडून 'पोले' निघतं. पडलात, पोले. ताप आला, पोले. डोक्यावर केळ्यांचा घड घेऊन चढण चढून आलात, तरी बाजारातली बाई हातातलं काम थांबवून म्हणते, पोले. ही माफी नव्हे; चूक कुणाचीच नसते. तुझं दुखलं ते मला दिसलं, एवढाच त्याचा अर्थ. आणि ऐकणाऱ्यानं म्हणायचं, 'निमेशापोआ'. म्हणजे, निवाले, आता बरं आहे. बरं नसलं तरी म्हणायचं. पोलेला उत्तर न देता पुढे जाणं म्हणजे दारात आलेल्याला पाणीसुद्धा न विचारणं.

केमिलेंबेला या शब्दाचा वीट आला होता.

सप्टेंबरात तिच्या आईच्या, जेनेरोझाच्या, अंगावरून वारं गेलं. एकतीस वर्षं टेकडीवरच्या चर्चमध्ये गाणाऱ्यांना शिकवणारी बाई ती. पाद्री प्रवचनातली एक ओळ सुरात म्हणायचा, जेनेरोझाचा उजवा हात वर जायचा, आणि साठ गळे तीच ओळ उचलून छपराला भिडवायचे. लोक म्हणत, त्या हाताला आवाज आहे. त्या सकाळी तो हात चुलीपाशी खाली पडला तो पडलाच. जीभ शाबूत राहिली, आणि जेनेरोझाची जीभ शाबूत राहणं ही काही लहान कृपा नव्हती. पण उजवा हात कोपराखाली परक्याचा झाला.

मग माणसं येऊ लागली. केळी आणायची, कॉफीच्या बिया आणायची, बाकावर टेकायची, पोले म्हणायची, उसासा टाकायची आणि जाताना उंबऱ्यावर पुन्हा एकदा पोले म्हणायची. केमिलेंबे चहा करून करून दमली.

"शंभर पोले झाले असतील आई. एकाही पोलेनं तुझं बोट हललं?"

"बोट नाही हललं," जेनेरोझा म्हणाली, "पण तू हलत राहिलीस ना? कुणी आलंच नसतं तर चहा कुणासाठी केला असतास? कोपऱ्यात बसून रडली असतीस."

दवाखान्यात व्यायाम शिकवणाऱ्या बाईंनी बजावलं होतं, हात रोज जागा ठेवा. जो हात महिना-दोन महिने काहीच करत नाही तो मिटून बसतो, मग कुणाच्या बापाला उघडत नाही. त्यांनी एक रबरी चेंडू दिला होता. जेनेरोझानं पंधरा दिवस तो दाबून पाहिला. मग डाव्या हातानं शेळीकडे फेकला. "घे बाई, तुला काही कळत असेल तर बघ. मला तर यात काहीच लागत नाही. हवा दाबावी तसं."

काहीच लागत नाही, हेच खरं दुखणं होतं. हात हलत नव्हता त्याहून अधिक तो कळत नव्हता.

केमिलेंबे शिक्षक-विद्यालयात संगणकाची खोली सांभाळायची. चौतीस यंत्रं, सगळी कुणी ना कुणी टाकून दिलेली. त्यांच्यावर विंडोज चालवणं म्हणजे म्हाताऱ्या बैलाला ट्रक ओढायला लावणं. म्हणून सगळीकडे लिनक्स. फुकट, हलकं, आणि झाकण उघडून आत बघता येणारं. पण खेळ करणारे बहुतेक खेळ विंडोजसाठी करतात. केमिलेंबेची गावात ख्याती अशी, की लिनक्सवर जो खेळ चालणार नाही म्हणतात तो ती चालवून दाखवते.

ती काही जादू करत नव्हती, एक दुभाष्या वापरत होती. खेळ आपल्या भाषेत हाक मारतो, खिडकी उघड, ढोल वाजव, पाणी दाखव. दुभाष्या मधे उभा राहून ती हाक लिनक्सला समजावतो आणि उत्तर पुन्हा खेळाच्या भाषेत आणून देतो. आपण परक्या घरी आहोत हे खेळाला कधी कळतच नाही. तीस वर्षं, हजारो माणसांनी, बहुतेकांनी पगाराविना, एकमेकांची तोंडं न बघता, एकेक शब्द शिकवून हा दुभाष्या तयार केला होता. केमिलेंबे तशी हिशेबी जिभेची, डोळ्यांत पाणी न आणणारी बाई. पण या गोष्टीचा विचार मनात आला की ती चालता चालता थांबायची. का म्हणून हे केलं? कुणासाठी?

दुभाष्याचं नाव वाईन. सुतारकाम करणारे काशाइजाकाका, गाणाऱ्यांतले सगळ्यात खालच्या पट्टीचे, हे नाव ऐकून दुकानात पोट धरून हसले होते. "वाईनवर चालतो? अगं मग आपली केळ्याची दारू, रुबिसी, का नाही चालत? अडवणूक आहे ही!" तरी तिनं त्यांच्या दुकानातल्या मागच्या खोलीत एका जुन्या यंत्रावर शेतीचा खेळ बसवून दिला होता, आणि अठ्ठावन्न वर्षांचा तो माणूस जेवणाच्या सुट्टीत तिथे ट्रॅक्टर हाकत बसायचा.

ऑक्टोबरात तिनं आईसाठी एक खेळ आणला. साधाच. धुक्यातलं सरोवर, एक होडी, आणि ढोल. ढोलाच्या ठोक्यावर बटण दाबलं की वल्हं पडतं, होडी पुढे सरकते, आणि ठोका बरोबर साधला तर हातातला कंट्रोलर थरथरतो.

"यांचा ताल तिसऱ्या ठोक्याला घसरतो," जेनेरोझा पहिल्याच वेळी म्हणाली. "कुणी शिकवलं यांना?"

केमिलेंबेनं कंट्रोलर तिच्या उजव्या हातात ठेवला, वर आपला हात ठेवला, आणि तिच्या अंगठ्यानं बटण दाबलं. ठोका साधला. कंट्रोलर थरथरला. जेनेरोझा बोलता बोलता थांबली.

"काय होतं ते?"

"काय?"

"हातात काहीतरी आलं."

पाच आठवड्यांत पहिल्यांदा त्या हाताला काही लागलं होतं. त्या दिवसापासून रोज दुपारी अर्धा तास होडी. दुसऱ्या आठवड्यात केमिलेंबेनं वरचा हात काढून घेतला तरी अंगठा आपला आपण, मुंगीच्या पावलानं, बटणापर्यंत पोचू लागला.

आणि मग केमिलेंबेनं घरातला लॅपटॉप स्वच्छ केला. जुनी आवृत्ती पुसली, नवी चढवली, चांगलं वेगानं चालावं म्हणून. खेळ सुरू झाला, होडी आली, ढोल वाजला. कंट्रोलर मात्र थंड. बटणं चालत होती. थरथर गेली होती.

तिनं येत होतं ते सगळं केलं. मग कट्ट्यावर लिहिलं.

कट्टा म्हणजे लिनक्सवर खेळणाऱ्यांची आंतरजालावरची बैठक. नावातच 'किजिवे' आहे, म्हणजे कोपऱ्यावरचा तो दगड, जिथे माणसं कॉफी पीत गप्पा झोडतात. दारेसलाम, म्वांझा, पलीकडे किसुमू, गोमा, कुठकुठली माणसं. आणि कट्ट्याची रीत गावाचीच. कुणी म्हणालं, माझा खेळ उघडत नाही, की खाली चाळीस जण येणार: पोले. पोले भाऊ. पोले सना, फार फार पोले. एवढं वाचून संपलं की मग कुठेतरी एखादं उत्तर.

केमिलेंबेनं ऑक्टोबरातच, घरी चहाचे कप विसळून आल्या आल्या, या रीतीवर उपाय केला होता. ब्राउझरमध्ये आपली स्वतःची चार-सहा ओळींची आज्ञा लिहून कट्ट्याचं पान आपल्याला हवं तसं करून घेतलं होतं. अक्षरं मोठी, पार्श्वभूमी कॉफीसारखी काळपट, लोकांचे फोटो गायब, उत्तरांचे आकडे गायब, उत्तर आल्याचं टपालही बंद. आणि शेवटची ओळ: ज्या मजकुराचा पहिला शब्द 'पोले' असेल, तो दाखवूच नकोस. त्या आज्ञेला तिनं नाव दिलं होतं 'चाळणी', आणि नव्या आवृत्तीवरही ती आधी बसवून घेतली होती. पान कसं लख्ख झालं! कामाचं तेवढं उरलं.

आता तिच्या प्रश्नाखाली दोनच उत्तरं उरली होती. एकानं लिहिलं होतं, माझंही असंच आहे. दुसरा फोनची कव्हरं विकत होता.

सहाव्या दिवशी तिनं लिहिलं: 'इतके जण आहात, एकालाही काही येत नाही? नुसतं बसायला जमता काय?' दहाव्या दिवशी: 'माझ्या आईचा हात दगड होत चालला आहे. पण तुम्हाला काय त्याचं.' खाली काही आलं नाही. तिच्या पानावर तरी नाही.

इकडे जेनेरोझानं कंट्रोलर बाजूला सारला होता. "मुकी होडी वल्हवायची मला हौस नाही."

"बटण तरी दाब ना आई. बोटं आखडतायत."

"आखडू देत. आता नवीन वर्षापासून गाणाऱ्यांतली अडेलीना शिकवेल सगळ्यांना. मी पाद्रीबाबांना सांगून टाकलंय."

हे ती अगदी सहज म्हणाली. रात्री अंग पुसताना केमिलेंबेनं आईची मूठ उलगडली, तर करंगळी आणि अनामिका परत आपोआप मिटली. दाराला स्प्रिंग असावी तशी.

अठराव्या दिवशी, शनिवारी दुपारी, काशाइजाकाका आले. सेनेनेचे दिवस होते, गावभर पोरं आणि थोरं पहाटेपासून नाकतोडे पकडत हिंडत होती; काकांनी तळलेल्या सेनेनेंचा एक द्रोण आणला होता.

"पोले, जेनेरोझा."

"निमेशापोआ, काशाइजा. मीठ जास्त नाही ना घातलंस? मागच्या वर्षी सरोवर आटेल इतकं होतं."

"पोले, पोरी," ते केमिलेंबेलाही म्हणाले. तिनं नुसतं डोकं हलवलं आणि चहा ठेवायला वळली.

काका बाकावर बसले, पुन्हा उठले. टोपी काढली, परत घातली. मग दारापाशी येऊन हलक्या आवाजात म्हणाले, "एक विचारू? रागावू नकोस. त्या नाखव्यानं तुझं काय वाईट केलंय?"

"कोण नाखवा?"

"असं गं काय करतेस! नाहोधा, म्हणजे नाखवाच, असं नाव लावतो तो कट्ट्यावर. अख्खा कट्टा बोलतोय, माझ्या फोनवर रोज येतं. माणूस अठरा दिवस लिहितोय आणि बाई एका अक्षरानं उत्तर देत नाही. वर शिव्या घालते. म्वांझाच्या एकानं तर लिहिलंय, हे बुकोबाचे हाया लोक, न्शोमिले, फार शिकलेले शहाणे, आपल्यासारख्यांशी कशाला बोलतील! मला मान खाली घालावी लागली. हे सांगावं की नको, म्हणून आठवडाभर दारावरून परत गेलो."

"काका, मला कुणीही लिहिलेलं नाही."

"मग हे काय भुतानं लिहिलं?" त्यांनी खिशातून फोन काढून तिच्यापुढे धरला.

तिचाच प्रश्न. तिचंच नाव. आणि खाली, एकाखाली एक, एकाखाली एक, बोटानं सरकवत राहावं तरी न संपणारी उत्तरं. ती धावत लॅपटॉपपाशी गेली, पान उघडलं. दोन उत्तरं. फोनवर पाहिलं. पुन्हा लॅपटॉपवर. आणि मग फोनवरच्या प्रत्येक उत्तराचा पहिला शब्द तिच्या डोळ्यांत शिरला.

पोले. पोले. पोले. पोले.

"माझी चाळणी!" ती ओरडली.

"काय झालं?" आतून जेनेरोझा ओरडली. "कोण मेलं?"

"कुणी नाही आई." तिनं फोनवरचा तो पहिला शब्द आणि चाळणीतली शेवटची ओळ काकांना दाखवली. काकांनीच सांगितलं, आणि त्यांना चाळणी काय ते कळलं नसल्यामुळे केमिलेंबेला मधेमधे दुरुस्त करावं लागलं. जेनेरोझानं सगळं ऐकून घेतलं.

"चाळणी," ती म्हणाली. "अगं, सुपात पाखडलं की फोल उडून जातं, दाणा राहतो. चाळणीतून पीठ खाली पडतं आणि तू वरचा कोंडा जपून ठेवलास. नावच चुकलं तुझं. आण इकडे तो फोन. वाच. मनात नको, मोठ्यानं. चर्चमध्ये वाचतेस तसं."

केमिलेंबे वाचू लागली.

"पोले, ताई. आईलाही पोले सांगा. आधी आईचं नाव काय ते सांगा, मग यंत्राचं." हे तिच्या प्रश्नानंतर नऊ मिनिटांनी आलेलं होतं. नऊ मिनिटांनी!

"पोले. तुम्ही कामात असाल. आजारी माणसाच्या घरी लिहायला वेळ कुठला. तोवर या तीन गोष्टी करून पाहा." खाली तीन गोष्टी होत्या, त्या तिनं केलेल्याच होत्या.

तिसऱ्या 'पोले'ला काकांनी नकळत खालच्या पट्टीत तो शब्द उचलला. सवयच ती, एकतीस वर्षं जेनेरोझासमोर उभं राहून लागलेली. केमिलेंबे म्हणाली, पोले, आणि काकांच्या छातीतून, लांबून ढोल वाजावा तसं आलं, पोऽऽले.

"पोले. तुमच्याकडे आहे तसला कंट्रोलर माझ्याकडे नाही. इथे किगोमात धक्क्यापाशी खेळाचं एक दुकान आहे, तिथल्या मुलांकडून मागून आणला. फुकट देईनात, त्यांची दोन यंत्रं झाडून पुसून द्यावी लागली. म्हाताऱ्याला काय करायचा खेळ, म्हणून हसली. हसू देत."

"पोऽऽले," काका.

मग तो सहावा दिवस आला. आपण काय लिहिलं होतं ते केमिलेंबेला पाठ होतं. तिचा आवाज खाली गेला. जेनेरोझा म्हणाली, "वर. मागच्या बाकापर्यंत ऐकू गेलं पाहिजे."

"पोले, ताई. राग आला ते बरोबर आहे. आजारी माणसाच्या घरात रागालाही कुठेतरी बसायला जागा लागते. इथे बसू दे."

या वेळी काकांना तो शब्द उचलता आला नाही. त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. शेळी दारात येऊन उभी होती, तिलाही कुणी हाकललं नाही. जेनेरोझाचा डावा हात मात्र गुडघ्यावर ठोका धरून होता, आणि तिनंच, बारीक पण नेमक्या सुरात, तो शब्द म्हटला.

"पोले. आज वीज नव्हती. काही करता आलं नाही. विसरलो असं वाटू नये म्हणून लिहिलं."

"पोले, पण आज मी आनंदात आहे! नवी स्वच्छ प्रणाली चढवून बघितली आणि माझ्याकडेही थरथरत नाही. म्हणजे दोष तुमच्या हातात नाही, ताई. आईच्या हातात तर नाहीच."

आणि तेराव्या दिवशीचं उत्तर, सगळ्यांत लांब.

"पोले. सापडलं. खेळ म्हणतो, थरथर. दुभाष्या तो निरोप बरोबर पोचवतो. पण कंट्रोलरच्या दारावर पहारेकरी आहे. त्याला हुकूम असा, की कंट्रोलर बोलेल ते ऐकायचं, त्याला उलट काही सांगायला कुणाला सोडायचं नाही. म्हणून बटणं चालतात, थरथर परत फिरते. नियमांच्या फाइलीत खालची एक ओळ घाला, कंट्रोलर काढून पुन्हा लावा. तुमच्या जुन्या यंत्रावर ही ओळ आधीपासून असणार, कुणीतरी लिहून ठेवलेली. कोण होतं ते आठवतंय? भेटलं तर माझा नमस्कार सांगा."

केमिलेंबे थांबली. हा लॅपटॉप विद्यालयातूनच आला होता. तिच्या आधी संगणकाची खोली सांभाळणाऱ्या म्हाताऱ्या गृहस्थांचा. ते जाऊन चार वर्षं झाली होती. त्यांनी कधी, कोणत्या दुपारी, कुणासाठी ती एक ओळ लिहिली, कुणाला माहीत. पाच आठवडे मेलेल्या हातात जी थरथर आली होती ती त्या ओळीतून आली होती, आणि केमिलेंबेनं ती स्वच्छता म्हणून पुसून टाकली होती.

"अजून आहे?" जेनेरोझानं विचारलं.

"आहे. रोज एक. 'पोले. जमलं का?' 'पोले. आज आईच्या हाताला काय वाटलं?' आणि हे आज सकाळचं." तिनं शेवटचं उत्तर वर सरकवलं. "'पोले. आज संध्याकाळी आमची बोट सुटते, चार दिवस सरोवरावर, तिथे जाळं नाही. माझं उत्तर चुकलं असेल तर आल्यावर पुन्हा बघू.'"

"जाळं नाही? मग मासे कशात धरतो?" काकांनी विचारलं.

"फोनचं जाळं, काका."

"म्हणजे खरा नाखवाच आहे," जेनेरोझा म्हणाली. "मला वाटलं नावापुरता. बघत काय बसलीस? ओळ घाल."

केमिलेंबेनं नियमांची फाइल उघडली. तिनं ओळ जशीच्या तशी उतरवली, दोनदा ताडून पाहिली. पहारेकऱ्याला नवा हुकूम वाचायला लावला. कंट्रोलरची वायर काढली, लावली. थरथर तपासायची एक छोटी आज्ञा आहे, ती दिली.

टेबलावर कंट्रोलर गुरगुरला. नुसता गुरगुरला नाही, लाकडावरून तुरुतुरु सरकत कडेपर्यंत गेला आणि खाली पडणार तोच काकांनी झडप घालून धरला. "सेनेने!" ते ओरडले, आणि शेळी पळाली.

"दे माझ्याकडे," जेनेरोझा म्हणाली.

केमिलेंबेनं तिची उजवी मूठ एकेक बोट करून उलगडली आणि त्यात कंट्रोलर ठेवला. खेळ लावला. धुकं आलं, होडी आली, ढोल सुरू झाला. पहिला ठोका चुकला. दुसरा चुकला. अंगठा अठरा दिवसांत वाट विसरला होता. जेनेरोझानं डोळे मिटले. ओठ हलत होते, मोजत असेल, नाहीतर प्रार्थना करत असेल. तिच्या बाबतीत दोन्ही एकच होतं. तिसऱ्या घसरत्या ठोक्याला तिनं मान किंचित मागे घेतली, ताल सावरून घेतला, आणि चौथ्याला अंगठा पडला.

होडी हलली.

 काका पडद्याकडे वाकले.

"आहे," जेनेरोझा म्हणाली.

"काय आहे, आई?"

"मुठीत सेनेने आहे. जिवंत."

बुकोबातल्या प्रत्येक माणसाला हे माहीत असतं. लहानपणी पहिला सेनेने मुठीत धरला की तो आत फडफडतो, आणि मूठ फार आवळली तर मरतो, सैल सोडली तर उडतो. म्हणून बोटं त्याच्याभोवती अशी मिटतात की आत घर तयार व्हावं. ते हाताला कुणी शिकवत नाही. पुढचा ठोका साधला, थरथर आली, आणि केमिलेंबेच्या डोळ्यांदेखत तिच्या आईची ती दोन आखडलेली बोटं सुटली, लांबली, आणि हळूच कंट्रोलरभोवती जाऊन बसली. पकडायला. उडून जाऊ नये म्हणून.

केमिलेंबेनं हात जोडले नाहीत, गुडघे टेकले नाहीत. ती फक्त बघत राहिली. धुक्यातल्या सरोवरावरून होडी चालली होती. कुठे तो खेळ करणारा, कुठे ते दुभाष्याला शब्द शिकवणारे हजारो, कुठे ते गेलेले म्हातारे गृहस्थ, कुठे किगोमाच्या धक्क्यावर पोरांची यंत्रं पुसणारा नाखवा. आणि ते सगळे मिळून आत्ता या मातीच्या घरात एका बाईची करंगळी उचलत होते. एवढं सगळं रोज दारात उभं होतं. कडी हिनंच आतून लावली होती.

"पुरे," जेनेरोझा एकाएकी म्हणाली. "बोट संध्याकाळी सुटते ना? आधी त्याला उत्तर दे. माझा हात कुठे पळत नाही."

केमिलेंबे लिहू लागली. माफी, चाळणी, कारण, पुन्हा माफी. ओळीमागून ओळ.

"वाच बघू काय लिहिलंस," आई म्हणाली. ऐकून तिनं तोंड वाकडं केलं. "अगं, हे प्रवचन त्याला नंतर पाठव. त्यानं इतके दिवस एकच शब्द म्हटला. त्याचं उत्तरही एकच आहे. सगळं पूस. आणि मला जवळ घे, ते मी लिहिणार."

"डाव्या हातानं?"

"डाव्या हातानं मी शेळीला चेंडू देते."

लॅपटॉप मांडीवर आला. उजव्या हाताची तर्जनी वर उचलली गेली, लटपटली, दोनदा भलत्याच अक्षरावर पडली, ते केमिलेंबेनं पुसलं. पहिलं अक्षर उमटायला चहा निवला. तेवढं एकच अक्षर त्या बोटानं एकट्यानं उमटवलं. उरलेला शब्द मायलेकींनी मिळून पुरा केला, वर केमिलेंबेचा हात, खाली आईचा. निमेशापोआ. मग जेनेरोझानं सांगितलं, "खाली माझं नाव घाल. पहिल्या दिवशी विचारलं होतं त्यानं."

उत्तर गेलं. तिघं पडद्याकडे बघत बसले. काही आलं नाही.

"सुटली वाटतं बोट," केमिलेंबे म्हणाली.

इतक्यात काकांचा फोन किणकिणला. त्यांनी बघितलं, आणि त्यांचा तो जाडजूड खालचा आवाज कोवळा झाला. "पोरी, आलंय उत्तर. तुला कसं दिसणार ते? पहिला शब्द बघ कुठला आहे."

केमिलेंबे हसली, आणि हसता हसता तिचे डोळे भरून आले. तिनं चाळणी उघडली, शेवटची ओळ निवडली आणि पुसून टाकली. पान पुन्हा उघडलं.

आणि ते वाहत आलं. नाखव्याचे एकोणीसच्या एकोणीस, आणि त्यांच्या मधेमधे, तिनं कधी पाहिलेच नव्हते असे इतर. म्वांझाचा तो चिडलेला माणूस, पहिल्या दिवशी: पोले. किसुमूची कुणी मुलगी: पोले, मी पण आईला सांभाळते. गोमाचा कुणी: पोले, आमच्याकडे गोळ्यांचे आवाज चालू आहेत पण तुमच्या आईसाठी प्रार्थना केली. पोले, पोले, पोले. पान खाली सरकत होतं आणि संपत नव्हतं.

"एवढे सगळे कोण गं हे?" जेनेरोझानं विचारलं.

"माहीत नाही, आई."

"मग काय झालं. बसायला हवं आता." तिनं उजवा हात, कंट्रोलर अजून त्यात होता तसाच, मांडीवर नीट ठेवला आणि काशाइजाकाकांकडे बघून हनुवटी किंचित उचलली, सुरू करा म्हणायची तिची ती जुनी खूण. "एकेकाला उत्तर द्यायचंय. केमिलेंबे, तू वाच."